पहिला द्रोण

ताडाची पोय, म्हणजे फुलोऱ्याचा कोंब, रोज कापावी लागते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, केसाएवढी पातळ चकती. एक दिवस हात चुकला तर तिचं तोंड सुकतं. चार दिवस चुकला तर त्या पोयीतून पुढच्या हंगामापर्यंत ताडीचा थेंब येत नाही. म्हणून ताडावर चढणाऱ्याला सुतक नसतं, सण नसतो, ताप नसतो. आमच्या बापाला माती दिली त्या संध्याकाळीसुद्धा माझा थोरला भाऊ कोमुरय्या ओल्या धोतरानं तलावाच्या बांधावर गेला आणि चौदा ताड चढून उतरला.

मी चढत नाही. एकोणिसाव्या वर्षी बांधावरच्या सातव्या ताडावरून पडलो, डावी मांडी मोडली आणि ती वाकडीच सांधली. मग काही वर्षं भिवंडीला मागावर उभा राहिलो. पाय सतत ठणकायला लागला तेव्हा गावी, तुम्मलकुंट्याला, परत आलो आणि भावाच्या घरात राहिलो. किती दिवस राहणार हे त्यानं विचारलं नाही. त्याची बायको बालमणी, माझी वदिना, तिनंही विचारलं नाही. ताटलीत ज्वारीच्या कण्यांचा गटका वाढला आणि म्हणाली, "मडकी धुवायला माणूस पाहिजेच होता." तेव्हापासून मी जमिनीवरचा माणूस. ताडाला टांगायची मडकी धुणं, ताडी लवकर आंबू नये म्हणून आतून चुन्याचा हात फिरवणं, पोय कापायच्या कत्तीला धार लावणं, चढायचा दोर तपासणं.

आमच्या ताडी काढणाऱ्या गौडांत एक रीत आहे. सकाळी पहिलं मडकं उतरलं की पहिली धार काटमय्याच्या दगडावर. काटमय्या आमचा देव, ताडाच्या बुंध्याशी बसतो, चढणाऱ्याचा पाय धरून ठेवतो. दुसरी धार ताडाच्या पानाच्या द्रोणात, आणि तो पहिला द्रोण मडकं धुणाऱ्याचा. त्यानं प्यायचं, मग चढणाऱ्यानं, मग गिऱ्हाइकांनी. ही रीत का आहे ते कुणी सांगत नाही आणि सगळ्यांना कळतं. मडक्यात काही घालायचं तर धुणारा घालू शकतो.

सहा वर्षं मी रोज पहिला द्रोण प्यायलो.

बस थांबते तिथं चंद्रमौळी गौडाचा डेपो होता. पत्र्याची लांब शेड, बाकडी, बाटल्यांच्या जाळ्या. त्याच्या नावावर ताड होते साठ आणि पाजायचा तो चार गावांना. पाणी, साखरेची गोडी आणि पांढरी पावडर. डेपोची बाटली प्यायली की अंग कापसासारखं व्हायचं, दुखणं कुठल्या कुठं जायचं. दिवसभर दगड फोडणारे, विहिरी खणणारे, पाठीवर पोती वाहणारे, सगळे संध्याकाळी तिथं. पावडरीचं सगळ्यांना माहीत होतं. उघड कुणी बोलत नव्हतं, कारण उद्या परत तिथंच बसायचं होतं.

त्या वर्षी ताडीवाल्यांच्या सोसायटीची निवडणूक आली. गावातले बावन्न गौड सभासद. अध्यक्ष होईल तो ठरवणार कुठला ताड कुणाच्या नावावर. चंद्रमौळीचं म्हणणं होतं की सगळे ताड डेपोच्या नावावर करा, चढणाऱ्यांनी रोजावर चढावं, डोक्याला ताप नको. पुष्कळांना ते पटायला लागलं होतं. कोमुरय्या कधी चार माणसांत बोलायचा नाही. पण त्या बैठकीत तो उठला आणि म्हणाला, "जो चढतो त्याचं झाड. मी उभा राहतो." आणि बसला. एवढंच त्याचं भाषण. तरी तिशीच्या वर माणसं त्याच्या मागं गेली, कारण त्याच्या मडक्यात काही नसतं हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. त्याच्याकडं दुसरं काही नव्हतंच. चौदा ताड, आणि त्याच्या हातचं प्यायला माणूस मागंपुढं बघत नाही, हे नाव.

चंद्रमौळीला ते नावच हवं होतं. झाडं त्याच्यामागून येणार होती.

माघातल्या एका सकाळी म्हातारी पोशव्वा ताडाखाली बसून द्रोण पीत होती. ती आमची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. सोबत उकडलेले हरभरे आणायची, दात नसल्यानं चघळत बसायची. वदिना मडकी रचत होती.

"चंद्रमौळी तुझ्याबद्दल लई चांगला बोलला रे काल," पोशव्वा भावाला म्हणाली.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, कोमुरय्या पावडर घालतो असं कुणी माझ्यासमोर म्हणायचं नाही. तो तसला माणूस नाही. मी खपवून घेणार नाही."

भाऊ दोर गुंडाळत होता, तो थांबला.

"असं कुणी म्हणालं होतं का तिथं?" वदिनानं विचारलं.

पोशव्वानं हरभरा या गालातून त्या गालात केला. "तसं कुणी नाही बाई. त्यानंच म्हणलं."

आठवडाभरात ते वाक्य गावभर फिरलं. चंद्रमौळी कुणाच्या बारशाला गेला तर तिथं कोमुरय्याची बाजू घ्यायचा, सलूनमध्ये दाढीला बसला तर तिथं घ्यायचा. "लोकांची तोंडं घाण आहेत. अशा माणसाला पावडरवाला म्हणतात." एकदाही त्यानं भावाला वाईट म्हटलं नाही. शिवी दिली असती तर भावानं उलट शिवी दिली असती, दोघं मातीत लोळले असते, गावानं मजा बघितली असती आणि विषय मिटला असता. पण जो तुमची बाजू घेतो त्याचं तोंड कसं धरणार? भाऊ एकदा त्याच्या दारात गेलाही. "माझ्याबद्दल काही बोलू नका," म्हणाला. चंद्रमौळीनं त्याला खुर्ची दिली, चहा मागवला आणि चार माणसांसमोर म्हणाला, "कशाला मनाला लावून घेतोस? मी आहे ना." भाऊ चहा न पिता आला. दुसऱ्या दिवशी गावात बोलणं झालं, एवढं मनाला लागायला काहीतरी असणारच.

फाल्गुन लागला. निवडणूक शुक्रवारी होती. सोमवारी संध्याकाळी चंद्रमौळीनं दवंडी दिली. यल्लम्मा देवीच्या नवसापायी चार दिवस डेपो बंद. सगळ्यांनी कोमुरय्याकडं प्यावं, तोही आपलाच माणूस आहे.

"आता काय म्हणायचं ह्याला?" भाऊ जेवताना म्हणाला. भाकरीचा तुकडा हातात तसाच. "मीच त्याच्याबद्दल वाईट विचार करत होतो."

वदिना म्हणाली, "मला नाही आवडलं."

"तुला कायच आवडत नाही."

"चांगलं वागणारा माणूस दवंडी नाही देत."

मंगळवारी बांधावर जत्रा भरली. डेपोची सगळी माणसं आमच्या ताडांखाली. चौदा झाडांची ताडी पुरेना म्हणून भावानं आमच्या बाजूच्या दोघा गौडांची मडकी मागून घेतली. चुना संपला, तो आठवडी बाजारातून नवीन पुडा घेऊन आला. वदिना पानं दुमडून द्रोण करता करता दमली. माझे हात पाण्यानं पांढरे पडले. घरात सगळे खूश होते. भाऊ वरून उतरताना गुणगुणत होता, ते मी कैक वर्षांनी ऐकलं. विहिरी खणणारा ओदेलू द्रोणावर द्रोण रिचवत म्हणाला, "अन्ना, पाचवा झाला तरी चढंना. तुझी ताडी म्हणजे बायकोच्या माहेरचा चहा." सगळे हसले. भाऊही हसला. "पोट भरतंय ना? मग झालं."

बुधवारी संध्याकाळी ओदेलू आला तो मान तिरपी करून.

"रात्री वाकडा झोपलो," म्हणाला.

गुरुवारी सकाळी मी तलावाच्या कडेला मडकं धुवत होतो आणि ते माझ्या हातातून सुटलं. दगडावर फुटलं. मी हात वर धरले. दहाही बोटं आपापली हलत होती, जणू माझी नव्हतीच.

मागं वदिना उभी होती. "काय झालं रे हाताला?"

"ताप आहे थोडा."

तिनं कपाळाला उलटा हात लावला. "अंग तर गार आहे." एवढं म्हणून खापऱ्या गोळा करायला लागली.

इथं मला एक सांगायचं आहे. त्याआधीची दोन वर्षं मी डेपोची बाटली पीत होतो. रोज दुपारी, भाऊ जेवून कलंडला की, काठी टेकत शेडच्या मागच्या दारानं. पायासाठी. माझ्या भावाच्या ताडीनं पोट गार व्हायचं, पाय ठणकायचा तो ठणकायचाच. डेपोच्या बाटलीनं ठणका थांबायचा. चंद्रमौळी स्वतः बाटली पुढं सरकवायचा, गोड आवाजात म्हणायचा, "कोमुरय्याला कशाला सांगायचं? त्याला उगीच वाईट वाटेल." मला तो देवमाणूस वाटायचा. एकदा बहिणीच्या गावाला लग्नाला तीन दिवस गेलो होतो, तेव्हा असेच हात थरथरले होते, भिंतीवर मुंग्यांच्या रांगा दिसल्या होत्या, आणि परत येऊन एक बाटली प्यायल्याबरोबर सगळं शांत झालं होतं. म्हणजे ही थरथर कशाची हे गुरुवारी सकाळी गावात दोन माणसांना नीट ठाऊक होतं. एक चंद्रमौळी. दुसरा मी.

दुपारपर्यंत गाव हललं. दगड फोडणाऱ्यांची जीभ बाहेर येऊन वाकडी झाली. कुणाला छपरातून साप लोंबताना दिसायला लागले. एक बाई अंगणात स्वतःच्या सावलीला झाडूनं मारत होती. ओदेलूला त्याच्या भावांनी बाजेला बांधून ठेवलं, कारण तो विहिरीकडं पळत होता. सगळे तीन दिवस आमच्याकडं प्यायलेले. जे डेपोवर कधी गेलेच नव्हते, पोशव्वासारखे, ते ठणठणीत होते. पण ठणठणीत माणसाकडं कोण बघतं?

संध्याकाळी भाऊ मडकी घेऊन आला आणि ओट्यावर बसून राहिला. "मी काय केलं?" तो म्हणाला. आम्हाला विचारत नव्हता. हातांकडं बघत होता.

मी आत होतो. माझे दोन्ही हात मी काखेत दाबून धरले होते.

शुक्रवारी सकाळी काटमय्याच्या दगडापाशी सगळी सोसायटी जमली. गावही आलं. बायका मागं, पदराआड. ओदेलूला बाजेसकट आणून दगडासमोर ठेवला होता, मान खांद्याला लागलेली, तोंडातून लाळ. कुणीतरी मुद्दाम आणला होता. कोण ते विचारू नये, आणणारे स्वतःच्या पायानं आले होते, पाठवणारा दुसराच होता.

आरडाओरडा सुरू झाला. "माणसं मारायला निघालास का?" "सोसायटीचा अध्यक्ष व्हायचंय ह्याला." भाऊ मडकं घेऊन उभा होता, त्या सकाळचं, फेसाळलेलं. तो एकच बोलत राहिला, "मी काही घातलं नाही." पाच वेळा म्हणाला असेल. दर वेळी आवाज थोडा खाली.

चंद्रमौळीनं हात जोडून सगळ्यांना गप्प केलं. पांढरंशुभ्र धोतर, कपाळाला देवीचा भंडारा.

"माझा कोमुरय्यावर विश्वास आहे," तो म्हणाला. "आजपण आहे. म्हणून म्हणतो, भांडण कशाला? आपली रीत आहे. मडकं धुणाऱ्यानं पहिला द्रोण प्यायचा. साईलू धुतो. साईलू सगळ्यांसमोर प्याला की विषय संपला. त्याच्यामागं मी पितो."

आणि त्यानं माझ्याकडं बघितलं. तीच नजर, बाटली पुढं सरकवताना असायची ती.

भावाचा चेहरा मोकळा झाला. खरंच मोकळा झाला, मी बघितलं. त्याला वाटलं आता सुटलो. सहा वर्षं रोज मी पीत होतो, त्यात अवघड काय होतं? त्यानं दगडावर धार सोडली, द्रोण भरला, माझ्याकडं धरला.

"घे साईलू."

मी काखेतून हात काढले. द्रोण धरला आणि पान वाजायला लागलं. हिरव्या पानाचा आवाज होतो एरवी? त्या दिवशी शंभर माणसांनी ऐकला. ताडी काठावरून सांडली, मनगटावरून कोपरापर्यंत आली. मी दोन्ही हातांनी धरलं तर दोन्ही थरथरले. तोंडाशी नेलं तर दात पानावर आपटले. छातीवर सगळं सांडलं. द्रोण रिकामा झाला आणि माझ्या पोटात घोटभरसुद्धा गेली नाही.

"बघा," मागून कुणीतरी म्हणालं. ओरडून नाही, हळू.

"धुणाराच भ्यायला."

"पी ना साईलू," भाऊ म्हणाला. त्यानं परत द्रोण भरला. "काय करायलास? पी."

माझ्या तोंडात वाक्य होतं. मी डेपोची पितो, तीन दिवस मिळाली नाही म्हणून हात थरथरायलेत, ह्या सगळ्यांचं तेच झालंय. एवढंच. पोराला समजलं असतं एवढं सोपं. पण ते म्हणायचं तर आधी भावाच्या तोंडावर म्हणायला हवं होतं की तुझ्या घरात राहून, तुझा गटका खाऊन, दोन वर्षं रोज दुपारी मी त्याच्या मागच्या दारानं जातो. तो माझ्यासमोर द्रोण धरून उभा होता. मी त्याच्या पायांकडं बघितलं. तळव्यांना ताडाच्या खवल्यांनी पडलेल्या भेगा, त्यात चुना.

चंद्रमौळी पुढं आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ द्या. त्याला कशाला जोर करता? भाऊ आहे तो. त्याला बोलायला लावू नका."

त्या एका वाक्यानं काम झालं. चार दिवसांचं, सगळ्या महिन्याचं.

भावानं मग मडकं तोंडाला लावलं आणि उभ्या उभ्या सगळं प्यायलं. गळ्याची गाठ वरखाली होत होती, छातीवरून ओघळ. मडकं खाली ठेवून तो सगळ्यांकडं बघत राहिला. "चढणाऱ्याला सवय असते," कुणीतरी म्हणालं. मग हात वर करून मतं झाली. कोमुरय्याला चार. त्यातला एक हात माझा, तोही थरथरत.

त्या संध्याकाळी नवस फिटला म्हणून डेपो उघडला. ओदेलूच्या तोंडात बाटली ओतली आणि घटकाभरात त्याची मान सरळ झाली, उठून बसला, बायकोला नावानं हाक मारली. घरोघरी तसंच. बघणाऱ्यांना आणखी काय पुरावा पाहिजे होता? ह्याच्या ताडीनं माणसं पडली, त्याच्या ताडीनं उठली.

मीही गेलो. मागच्या दारानं. माझेही हात थांबले. हे लिहिताना मला स्वतःच्या तोंडावर थुंकावंसं वाटतं, पण गेलो हे खरं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो तर तलावाच्या कडेला भाऊ स्वतः मडकी धुवत होता. मी जवळ गेलो. "दे इकडं," म्हणालो. त्यानं बघितलंही नाही. एक मडकं तीनदा धुतलं, वास घेतला, चौथ्यांदा धुतलं. त्या दिवसापासून त्यानं मला मडक्याला हात लावू दिला नाही. का, ते सांगितलं नाही. मी समजलो, त्याला माझा संशय आला. येऊ दे, म्हटलं. तेवढं तरी माझ्या वाट्याला यायलाच हवं.

बांधावर कुणी आलं नाही. त्या दिवशी नाही, पुढच्या नाही. पोशव्वा चार दिवस आली, पाचव्या दिवशी तिच्या सुनेनं तिला दंडाला धरून ओढत नेली. म्हातारी जाता जाता म्हणत होती, "अगं मला काय झालंय? मी तर चांगली आहे." सून म्हणाली, "तुम्हाला काय, तुम्ही चाललातच. आम्हाला जगायचंय."

अध्यक्ष झालेल्या चंद्रमौळीनं सगळ्यांचे ताड डेपोच्या नावावर केले, फक्त कोमुरय्याचे चौदा सोडून. "गरिबाच्या पोटावर कशाला पाय द्यायचा," म्हणाला. गावानं पुन्हा त्याचा मोठेपणा बघितला. ती झाडं त्याला नकोच होती. ती उभी राहायला हवी होती, लोकांना दाखवायला.

आणि भाऊ चढत राहिला. पोय सुकू द्यायची कशी? सकाळ-संध्याकाळ चौदा ताड, चकती कापायची, मडकं उतरवायचं, आणि सगळंच्या सगळं काटमय्याच्या दगडावर ओतायचं. दगड पांढरा पडला. त्याच्याभोवती गांधीलमाश्या घोंगावायला लागल्या. खालच्या खळग्यात ताडी साचायची, गावातली डुकरं येऊन प्यायची आणि झिंगून तलावाच्या गाळात लोळायची. "कोमुरय्याची गिऱ्हाइकं आली का?" येणारे-जाणारे हसून विचारायचे. एकही डुक्कर मेलं नाही, एकाचीही मान वाकडी झाली नाही. हे मी सोडून कुणी मोजलं नाही.

वदिना शाळेत पोरांचा भात शिजवायची. तिला सांगितलं, काही दिवस येऊ नको, आया बोलायलेत. काही दिवस संपलेच नाहीत. एकदा ती हातपंपावरून रिकामी घागर घेऊन परत आली.

"पाणी नाही?" भावानं विचारलं.

"आहे. माझ्या पुढं गट्टय्याची सून होती. मी दांडीला हात लावला तर तिनं मला थांबवलं, राखेनं दांडी घासली. म्हणाली, आता हापसा. मग मी हापसल्यावर परत घासली. भरलेली घागर मी तिथंच ओतली." वदिनानं घागर उपडी ठेवली. "भांडली असती तर बरं होतं. हसून घासली."

ती मग शेतातल्या विहिरीवरून पाणी आणायला लागली. पाऊण मैल. मी कधी कधी अर्ध्या वाटेवर सामोरा जायचो, पण एका काठीच्या माणसाला घागर काय पेलणार?

भाऊ बोलायचा कमी झाला. जेवताना मध्येच घास धरून थांबायचा. हात धुतल्यावर बोटं हुंगायचा. एका लग्नात पंगतीला बसला तर त्याच्या डाव्या-उजव्या दोन्ही पत्रावळींवर कुणी बसलं नाही, वाढपी तिथं येऊन गोंधळला, रिकाम्या पत्रावळींवर वाढायचं की नाही. भाऊ पूर्ण जेवला. सावकाश, मान खाली घालून. घरी येऊन ओकला.

असे दोन हंगाम गेले. तिसऱ्या वर्षी पौषात शहरातून सरकारी जीप आली आणि डेपोच्या मागच्या खोलीतून पांढऱ्या पावडरीची पोती निघाली. डेपोला सील लागलं, चंद्रमौळीला घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी अख्खं गाव पुन्हा थरथरायला लागलं. ट्रॅक्टर भरभरून माणसं तालुक्याच्या दवाखान्यात नेली. त्यात मीही होतो, अकरा दिवस. तिथं एका डॉक्टरणीनं व्हरांड्यात उभं राहून सगळ्यांना सांगितलं, आमच्याच भाषेत, स्पष्ट: पावडर घालून पिणारा माणूस एकदम थांबला की असं होतं. पिण्यानं नाही, थांबण्यानं.

मला वाटलं, झालं. आता कुणाला काही सांगायची गरज नाही. बाईनं सांगितलं.

शेजारच्या खाटेवर ओदेलू होता. थोडं बरं वाटल्यावर म्हणाला, "म्हणजे बघ. कोमुरय्याकडं प्यालो तेव्हा असंच झालं होतं. म्हणजे त्याच्याकडंपण पावडरच होती."

"अरे, तेव्हा डेपो बंद होता," मी म्हणालो.

"तेच तर. आणि ही जीप कुणी आणली? तुझ्या भावानंच कळवलं असणार. दोन वर्षं मनात धरून बसला होता."

नवव्या दिवशी चंद्रमौळी सुटून आला. डेपो त्याच्या मेव्हण्याच्या नावावर उघडला. जीप कुणी आणली ह्याचं उत्तर गावाला आधीच मिळालं होतं. आता कोमुरय्या पावडरवालाही होता आणि चुगलखोरही.

वदिना मला दवाखान्यात डब्यात गटका आणायची. डॉक्टरीण बोलली त्या दिवशी ती व्हरांड्यातच होती. तिनं डबा ठेवला, माझ्या हातांकडं बघितलं, खूप वेळ बघितलं. तापाचं आठवलं असणार तिला, गार अंगाचं.

"वदिना," मी म्हणालो.

"मला नको सांगू," ती म्हणाली. "त्याला सांग."

घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी सकाळी मी काठी टेकत बांधावर गेलो. भाऊ सातव्या ताडावरून उतरत होता, मी पडलो त्या ताडावरून. केस पांढरे झाले होते. मडकं कमरेवरून सोडवून त्यानं खाली ठेवलं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. मागचं दार, आधीची दोन वर्षं, नंतरची दोन, बहिणीच्या गावची थरथर, द्रोण का सांडला. पायाकडं बघून नाही, तोंडाकडं बघून सांगितलं. तो मारेल असं वाटलं होतं. मारावं असं वाटत होतं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग खाली बसला.

"चुना होता तो," तो म्हणाला.

"काय?"

"त्या आठवड्यात पुडा नवीन होता. बाजारातून मी आणला होता. पुड्यावर काही लिहिलेलं नव्हतं. जरा पिवळसर होता, तू लावायचास, तुझ्या लक्षात नसेल आलं. मी दोन वर्षं विचार केलाय. दुसरं काहीच नव्हतं. तुझ्यावर यायला नको म्हणून मडकी मी धुवायला घेतली."

"अन्ना, चुन्याचं काही नव्हतं. मी सांगतोय ना. मी डेपोची पीत होतो."

तो हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा हसताना बघितला. लहान भावानं काहीतरी छान केल्यावर थोरला हसतो तसा.

"माझ्यासाठी खोटं बोलायलास," तो म्हणाला. "डेपोवर गेलास ते नंतर, त्या वर्षी तू माझाच द्रोण पीत होतास. स्वतःचं नाव खराब करून घ्यायलास. नको रे."

"खोटं नाही."

"बरं."

त्यानं त्या मडक्याची पहिली धार दगडावर सोडली. पान दुमडलं, द्रोण भरला. माझे हात आता स्थिर होते, दगडासारखे. मी दोन्ही पुढं केले. "दे. मी पितो. बघ तू."

त्यानं द्रोण माझ्याकडं आणता आणता थांबवला. नाकाशी नेला. वास घेतला. पुन्हा घेतला. फेसाकडं बघत राहिला.

"नको," म्हणाला. "तुला काही झालं तर?"

द्रोण दगडावर उपडा केला, मागून मडकंही केलं. मग चढायचा दोर खांद्यावर टाकला आणि आठव्या ताडाकडं गेला. दोर बुंध्याभोवती फिरवला, पाय अडकवले, चढला. मी तिथंच उभा होतो, हात पुढं केलेले. वर कत्तीचा आवाज झाला आणि एक चकती गिरक्या घेत खाली आली, केसाएवढी पातळ, ओली, स्वच्छ.